वाचकांचे प्रश्न: पडद्यावरचे बोर्जा, कागदपत्रांतले बोर्जा

इटलीतल्या रेनेसाँस काळच्या राजघराण्यांवरचे चित्रपट आणि मालिका पाहून वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांना इथे उत्तरं दिली आहेत. बहुतेक पत्रं बोर्जा घराण्याविषयी आहेत, म्हणून आधी माणसं ओळखून घेऊ. रोद्रिगो बोर्जा मूळचा स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाजवळच्या शातिव्हा गावचा. ऑगस्ट १४९२ मध्ये तो सहावा अलेक्झांडर या नावाने पोप झाला. व्हानोत्झा कात्तानेई हिच्यापासून त्याला चार मुलं झाली: चेझारे, हुआन, लुक्रेत्सिया आणि जोफ्रे. इंग्रजी मालिकांमुळे आपल्याकडे ‘बोर्जिया’ रुळलं असलं तरी इटालियन उच्चार ‘बोर्जा’ आहे आणि इथे तोच ठेवला आहे.

मालिकेत चेझारे आणि लुक्रेत्सिया या सख्ख्या भावाबहिणीचे शरीरसंबंध दाखवले आहेत. याला काही आधार आहे का? (नाशिकहून एक वाचक)

समकालीन पुरावा नाही. कंडी मात्र आहे, आणि ती कुणी, कधी आणि का पिकवली हे सांगता येतं.

लुक्रेत्सियाचं पहिलं लग्न जून १४९३ मध्ये पेझारोचा अधिपती जोव्हान्नी स्फोर्झा याच्याशी झालं. ती तेव्हा तेरा वर्षांची होती आणि हुंडा ठरला ३१,००० डुकाट, म्हणजे तेव्हाची सोन्याची नाणी. चार वर्षांत रोमचं राजकारण फिरलं, स्फोर्झांची सोयरीक पोपला नकोशी झाली. चर्चच्या कायद्यात घटस्फोट नव्हता. लग्न मुळात झालंच नाही असं ठरवावं लागे. त्यासाठी सर्वांत सरळ कारण म्हणजे नवरा नपुंसक आहे आणि शरीरसंबंध आलाच नाही. जोव्हान्नीची पहिली बायको मद्दालेना गोंझागा बाळंतपणात वारली होती. म्हणजे हा आरोप खोटा आहे हे गावाला ठाऊक. तरी त्याच्यावर दबाव आला, आणि साक्षीदारांसमोर पुरुषत्व सिद्ध करून दाखव असंही सुचवलं गेलं. त्या अपमानाच्या दिवसांत, जून १४९७ मध्ये, तो मिलानमध्ये म्हणाला की पोपला मुलगी स्वतःसाठी हवी आहे. मिलानमधल्या फेरारा संस्थानाच्या वकिलाने, म्हणजे राजदूताने, हे वाक्य आपल्या धन्याला कळवलं आणि तिथून ते पसरलं. डिसेंबर १४९७ मध्ये जोव्हान्नीने नपुंसकत्व मान्य केल्यावर लग्न रद्द झालं.

नीट पाहा, मूळ आरोप बापावर होता. भावाचं नाव त्यात नंतर जोडलं गेलं. नेपल्सच्या कवींनी त्यावर लॅटिन श्लोक रचले, पुढे इतिहासकारांनी ते खरे धरले, १८३३ मध्ये व्हिक्टर ह्यूगोचं नाटक आलं आणि त्याच वर्षअखेर मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात दोनिझेत्तीचा ऑपेरा झाला. आजच्या पटकथेत दिसते ती लुक्रेत्सिया १८३३ ची आहे.

कंडीला बळ देणारा एक खरा कागदही आहे, तो लपवून चालणार नाही. सुमारे १४९८ मध्ये जन्मलेल्या जोव्हान्नी नावाच्या मुलासाठी पोपने १ सप्टेंबर १५०१ रोजी दोन फर्मानं काढली. एकात तो चेझारेचा अनौरस मुलगा, दुसऱ्यात खुद्द पोपचा. दोन्हींत आई अनामिक. मालमत्तेवर मुलाचा हक्क पक्का करण्यासाठी दोन कागद केले असावेत, हा अभ्यासकांचा सर्वांत पटणारा खुलासा आहे. बाहेरच्यांनी मात्र त्यातून हवा तो अर्थ काढला.

दुखावलेल्या माणसाच्या तोंडून निघालेलं एक वाक्य एका बाईच्या कपाळी पाचशे वर्षं चिकटून राहिलं. बखरीतला मजकूर कुणाच्या वंशजाने आणि किती वर्षांनी लिहिला हे आधी विचारायची सवय मराठी वाचकाला संभाजीराजांच्या निमित्ताने लागली आहे. तीच सवय इथेही लावावी.

हुआनचा खून चेझारेनेच केला ना? मालिकेत तर तोच सुरा खुपसून प्रेत नदीत टाकतो. (कोल्हापूर)

जेरेमी आयरन्स पोप झालेल्या २०११ च्या मालिकेत तसं दाखवलंय. प्रत्यक्षात खुनी सापडला नाही.

१४ जून १४९७ च्या संध्याकाळी व्हानोत्झाच्या द्राक्षमळ्यात जेवण झालं. हुआन आणि चेझारे तिथून बरोबर निघाले. वाटेत हुआन वेगळा झाला. त्याच्याबरोबर एक मोतद्दार होता आणि मागे खेचरावर एक मुखवटा घातलेला इसम. मोतद्दार नंतर मरणासन्न सापडला, त्याच्याकडून काही कळलं नाही. १६ जूनला टायबर नदीत जाळी टाकून शोध घेतला तेव्हा हुआनचं प्रेत मिळालं. अंगावर नऊ जखमा, गळा चिरलेला, आणि कमरेच्या थैलीत तीस डुकाट जसेच्या तसे. म्हणजे वाटमारी नव्हती.

यातली सर्वांत जिवंत साक्ष एका लाकडाच्या व्यापाऱ्याची आहे. नदीकाठी उतरवलेल्या लाकडांवर राखण करत तो रात्री होडीत झोपला होता. आधी दोन माणसं येऊन रस्ता न्याहाळून गेली, मग आणखी दोन. नंतर पांढऱ्या घोड्यावर स्वार आला. त्याच्यामागे घोड्याच्या पाठीवर आडवं प्रेत होतं, एका बाजूला डोकं आणि हात लोंबत होते, दुसऱ्या बाजूला पाय, आणि दोघांनी ते दोन्हीकडून धरलं होतं. शहराचा कचरा नदीत ढकलतात त्या जागी त्यांनी ते भिरकावलं. प्रेताचा झगा पाण्यावर तरंगत राहिला, म्हणून तो बुडेपर्यंत त्यांनी दगड मारले. हे सगळं वेळेवर का सांगितलं नाही असं विचारल्यावर व्यापारी म्हणाला की त्या जागी आजवर शंभरेक प्रेतं पडताना पाहिली, कुणी कधी चौकशी केली नाही.

हा जबाब जसाच्या तसा चित्रित केला तर कल्पनेची गरज उरणार नाही. त्या काळच्या रोमविषयी तो व्यापारी जे सांगून जातो ते तलवारबाजीच्या दहा प्रसंगांतून कळत नाही.

तेव्हा संशय घेतला गेला तो ओर्सिनी घराण्यावर, कारण त्यांचा प्रमुख व्हर्जिनियो पोपच्या मित्रपक्षाच्या कैदेत त्याच वर्षी जानेवारीत मेला होता. शिवाय स्फोर्झांवरही. चेझारेचं नाव कागदावर येतं ते सुमारे आठ महिन्यांनी, फेब्रुवारी १४९८ मध्ये, व्हेनिसहून फेराराला गेलेल्या पत्रात. तेव्हा तो कार्डिनलपद (पोपच्या खालोखालचं धर्मपद) सोडून भावाच्या जागी लष्करी पेशात येणार अशी बोलवा सुरू झाली होती, आणि फायदा ज्याचा त्याचंच कृत्य, असा लोकांनी हिशेब मांडला. ऑगस्ट १४९८ मध्ये त्याने पद सोडलं खरं. पण फायदा होणं हा काही पुरावा नव्हे. चेझारेच्या नावावर सिद्ध झालेली कृत्यं कमी नाहीत: ३१ डिसेंबर १५०२ रोजी सेनिगाल्लियात समेटाला बोलावून त्याने आपल्याच बंडखोर सरदारांना पकडलं आणि त्यातल्या दोघांना त्याच रात्री गळा आवळून मारवलं.

बोर्जांकडे विषाची अंगठी आणि ‘कांतारेल्ला’ नावाचं गुप्त विष होतं म्हणतात. पोपही त्याच विषाने मेला का? (सोलापूर)

कांतारेल्लाची खात्रीची कृती कुठेही मिळालेली नाही. त्या काळी सहज मिळणारं विष म्हणजे पांढरा सोमल (आर्सेनिक). त्याला चव-वास जवळपास नाही, म्हणून संशय कशावरही घेता येई. शिवाय तो प्रेतात शोधायची भरवशाची पद्धत, मार्श चाचणी, १८३६ मध्ये आली. तोवर अचानक मृत्यू म्हणजे विष, असा सरसकट निकाल लागत असे.

अलेक्झांडरच्या मृत्यूची दिनदर्शिका मात्र पाहता येते. १५०३ च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तो आणि चेझारे कार्डिनल आद्रियानो कास्तेल्लेसीच्या मळ्यात जेवले. १२ ऑगस्टला पोपला ताप भरला, वैद्यांनी रक्त काढलं, ताप चढत-उतरत राहिला, १८ ऑगस्टला तो गेला. चेझारेही त्याच दिवसांत तापाने अंथरुणाला खिळला, तरुण म्हणून वाचला. सोमलाची मोठी मात्रा पोटात गेली तर काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. जेवणानंतर सहा दिवस धडधाकट फिरून मग हुडहुडी भरत नाही. उलट एका दिवसाआड चढणारा ताप ही हिवतापाची खूण, आणि टायबरकाठचं रोम ऑगस्टमध्ये डासांनी भरलेलं असे.

चित्रपटवाले दाखवतात ते काळंठिक्कर सुजलेलं प्रेत खरं आहे. पोपच्या दरबारचा समारंभ-अधिकारी योहान बुर्खार्ट याने रोजनिशीत लिहून ठेवलंय की शवपेटी अपुरी पडली, तेव्हा प्रेत जुन्या सतरंजीत गुंडाळून बुक्क्या मारून पेटीत कोंबलं. ऐन उन्हाळ्यात शव उघडं ठेवल्यावर असंच होतं. लोकांनी त्यालाच विषाचा दाखला मानलं.

म्हणून बोर्जांनी विष वापरलंच नाही असंही म्हणता येत नाही. एप्रिल १५०३ मध्ये मेलेल्या कार्डिनल मिकिएलच्या बाबतीत पुढे दुसरा ज्युलियस या पोपच्या राजवटीत खटला चालला आणि आरोपीने कबुली दिली. हेतूही स्पष्ट होता: कार्डिनल रोममध्ये मेला की त्याची मालमत्ता पोपच्या तिजोरीत जाई. कबुली बोर्जांच्या वैऱ्याच्या काळातली आहे, हे लक्षात ठेवून ती वाचावी.

विषाच्या कथा किती चिवट असतात त्याचं दुसरं उदाहरण फ्लोरेन्सच्या मेडिची घराण्याचं. टस्कनीचा ग्रँड ड्यूक फ्रांचेस्को आणि त्याची पत्नी बियांका काप्पेल्लो ऑक्टोबर १५८७ मध्ये एका दिवसाच्या अंतराने मेले आणि गादी भावाला मिळाली, तेव्हा बोट भावाकडेच गेलं. २००६ मध्ये संशोधकांच्या एका गटाला अवशेषांत सोमल सापडला. दुसऱ्या गटाने ते अवशेष कुणाचे इथपासून हरकत घेतली आणि पुढे फ्रांचेस्कोच्या हाडांत हिवतापाच्या परजीवीच्या खुणा दाखवल्या. वाद अजून मिटलेला नाही. याउलट २०१६ च्या मेडिची मालिकेत जोव्हान्नी दि बिच्चीला विष घालून मारल्याचं दाखवलंय. १४२९ मध्ये तो म्हातारपणी वारला आणि विषाचा मागमूस कुठेच नाही.

व्हॅटिकनमधली ती पन्नास गणिकांची मेजवानी लेखकाच्या डोक्यातून आली का? (ठाणे)

नाही, ती बुर्खार्टच्या रोजनिशीत आहे. १५०१ च्या ऑक्टोबरअखेरीस चेझारेच्या दालनात जेवण झालं, जमिनीवर समया मांडून चेस्टनट उधळले आणि नग्न स्त्रियांनी ते रांगत वेचले, अशी नोंद आहे. बुर्खार्ट कोरडा, नियमांचा माणूस होता. कुठल्या समारंभात कुणी कोणता झगा घातला हे तो तपशिलाने लिहितो, म्हणून त्याचा शब्द सहज टाकता येत नाही. पण तो स्वतः तिथे हजर होता असं तो म्हणत नाही. फ्लोरेन्सच्या वकिलाने त्याच दिवसांत लिहिलेल्या पत्रात पोप आणि चेझारे गणिका बोलावून रात्रभर नाचगाण्यात होते, एवढंच आहे. चेस्टनट नाहीत. आमचं मत असं की रात्र जागवली गेली हे खरं आणि तपशील ऐकीव. पडद्यावर मात्र नेमका तो ऐकीव भागच सर्वांत लांबतो.

चित्रपट बघताना कालविपर्यास पटकन कसा ओळखावा? आमच्या फिल्म क्लबसाठी काही खुणा सांगा. (पुणे)

पहिल्यांदा क्षितिज बघा. अलेक्झांडरच्या काळात, म्हणजे १४९२ ते १५०३, सेंट पीटर्सचा घुमट नव्हता. तिथे बाराशे वर्षांची जुनी बॅसिलिका (मोठं चर्च) उभी होती. नव्या इमारतीची कोनशिला १५०६ मध्ये बसली आणि घुमट १५९० मध्ये पुरा झाला. समोरच्या चौकातला सूचिस्तंभ १५८६ मध्ये तिथे आला, खांबांची गोल कमान सतराव्या शतकातली. सांत आंजेलोच्या पुलावर देवदूतांचे पुतळे दिसले तर तेही सतराव्या शतकातले.

मग छत. सिस्टिन चॅपेलमध्ये पोपची निवड होते तेव्हा वर मायकेलअँजेलोची चित्रं दिसली की चूक पकडली. ती १५०८ ते १५१२ मधली. १४९२ मध्ये छतावर निळ्या आभाळात सोनेरी चांदण्या होत्या. भिंतींवरची बोत्तिचेल्ली आणि पेरुजिनोची चित्रं मात्र तेव्हा होती. पट्ट्यापट्ट्यांच्या गणवेशातले स्विस गार्डही नकोत, त्यांची तुकडी जानेवारी १५०६ मध्ये रोमला पोहोचली. फ्लोरेन्समध्ये उलटं आहे: ब्रुनेल्लेस्कीचा घुमट १४३६ पासून आहे, पण कॅथेड्रलची रंगीत संगमरवरी दर्शनी बाजू १८८७ ची. सावोनारोला हा पोपशी भांडलेला धर्मगुरू रोममध्ये जळताना दिसला तर तेही चूक. २३ मे १४९८ रोजी त्याला फ्लोरेन्सच्या मुख्य चौकात फासावर देऊन जाळलं.

हातातलं शस्त्रही तपासा. चेझारेच्या पट्ट्यात पिस्तूल नको. एका हाताने उडवायचं चाकाच्या चापाचं पिस्तूल त्याच्या मृत्यूनंतर, म्हणजे १५०७ नंतर, प्रचारात आलं. त्याच्या सैन्यात तोफा होत्या आणि जळत्या वातीच्या बंदुका होत्या. मुठीवर वाटीसारखं संरक्षण असलेली बारीक तलवार त्याहून शंभर वर्षांनी पुढची.

आमचा नाट्यगट लुक्रेत्सियावर एकांकिका करतोय. बजेट कमी आहे. कपडे आणि जेवणाचं टेबल यांत कुठे चुका होतात? (औरंगाबादहून एक दिग्दर्शिका)

सर्वांत मोठी चूक कॉर्सेटची. १४९० च्या दशकात हाडांचा कॉर्सेट नव्हता. आत पांढरा, सैल, पायघोळ सदरा; आपल्याकडे मलमल त्यासाठी छान, साधारण साडेतीन-चार मीटर लागेल. त्यावर छातीखाली चुण्या घेतलेला लांब झगा, पाचेक मीटर. बाह्या झग्याला शिवू नका. त्या वेगळ्या असत आणि खांद्याला नाड्यांनी बांधत. प्रत्येक खांद्याला चार-पाच जोड्या पुरतात. नाड्यांमधल्या फटींतून आतली मलमल फुगवून बाहेर ओढा. चित्रांत तो पांढरा फुगा दिसतो तो हाच. बाह्यांचा एक जोड बदलला की तोच झगा पुढच्या प्रवेशात नवा दिसतो, आणि तेव्हाच्या बायकाही हेच करत. झग्याची नाडी एकाच दोरीने नागमोडी ओवा, बुटाच्या लेससारखी फुलीफुलीची नको. छिद्रांना धातूच्या रिंगा बसवू नका. प्रकाश पडला की त्या चमकतात आणि एकोणिसावं शतक दिसतं. हाताने काजं करून घ्या. पॉलिएस्टर मखमल एलईडी दिव्यांत प्लास्टिकसारखी दिसते, सुती मखमल घ्या.

चित्रावरून कपडा नकलताना चित्राची साल पाहा. ब्रोंझिनोने १५४५ च्या सुमारास काढलेलं मेडिची डचेस एलिओनोराचं चित्र लुक्रेत्सियासाठी सर्रास वापरलं जातं, पण मध्ये अर्धशतक गेलेलं आहे. एलिओनोराला चित्रातल्याच झग्यात पुरलं असं बरीच वर्षं छापलं जात होतं. तिच्या थडग्यातले कपडे जतन करायला घेतले तेव्हा तो साध्या सॅटिनचा वेगळाच झगा निघाला आणि पायात विणलेले लाल रेशमी मोजे. ते कपडे फ्लोरेन्सच्या पित्ती राजवाड्यात आहेत.

टेबलावर टोमॅटो, बटाटा, मका, टर्की आणि मिरची ठेवू नका. हे सगळं अमेरिकेतून आलं. मेडिचींच्या कागदांत टोमॅटोची टोपली पहिल्यांदा १५४८ मध्ये दिसते. चालेल काय? पाव, भाजलेला कोंबडा, बदाम, मनुका, संत्री, मलबारची मिरी, दालचिनी, केशर, आणि गोड नसलेल्या पदार्थांवरही साखर. टेबल म्हणजे लाकडी घोड्यांवर टाकलेल्या फळ्या, वर जमिनीपर्यंत लोंबणारी पांढरी चादर. तुम्हाला हे स्वस्तात पडेल. पाकीट वापरू नका: पत्र घडी करून दोऱ्याने बांधत आणि लाख लावत.

वयही सांभाळा. वडील पोप झाले तेव्हा लुक्रेत्सिया बारा वर्षांची होती, चेझारे सोळाचा आणि पोप एकसष्टचा. एकांकिका तिसऱ्या लग्नावर असेल तर ती एकवीस वर्षांची आहे. जानेवारी १५०२ मध्ये ती रोमहून निघाली आणि २ फेब्रुवारीला फेराराला पोहोचली. वाटेत केस धुण्यासाठी तिने मुक्काम वाढवल्याची पत्रं आहेत. मिरवणूक दिवसभर थांबली आणि ती केस वाळवत बसली, एवढ्यावर एक प्रवेश उभा राहील.

येशूचं प्रचलित चित्र म्हणजे चेझारेचा चेहरा, असा फॉरवर्ड फिरतोय. (जळगाव)

खोटं आहे. लांब केस, मध्ये भांग, दाढी असलेला येशू इजिप्तमधल्या सिनाई पर्वताच्या मठात सहाव्या शतकातल्या चित्रात आहे, म्हणजे चेझारेच्या जन्माआधी नऊशे वर्षं. शिवाय चेझारेचं म्हणून जे चित्र फिरतं, ते त्याचंच आहे याची खात्री नाही.

दोन पुस्तकांत एकाच घटनेची दोन सालं का असतात? (नागपूरहून एक विद्यार्थी)

वर्ष सगळीकडे १ जानेवारीला सुरू होत नसे. फ्लोरेन्समध्ये ते २५ मार्चला बदले, व्हेनिसमध्ये १ मार्चला. चेझारेने कातेरिना स्फोर्झाचा फोर्ली किल्ला घेतला तो जानेवारी १५०० मध्ये, पण फ्लोरेन्सच्या कागदावर ते १४९९ च राहतं. जानेवारी ते मार्चमधली कुठलीही तारीख घेताना कागद कोणत्या शहरातला हे आधी पाहा. तासही सूर्यास्तापासून मोजत, त्यामुळे ‘रात्रीचा तिसरा तास’ म्हणजे पहाटेचे तीन नव्हेत.

लुक्रेत्सियाविषयी खरं पण पडद्यावर न येणारं काय आहे? (बेळगाव)

तिचा कारभार. १४९९ मध्ये, एकोणीस वर्षांची असताना, तिला स्पोलेतोची प्रशासक नेमलं. १५०१ मध्ये पोप रोमबाहेर गेला तेव्हा व्हॅटिकनचा रोजचा पत्रव्यवहार तिच्या हाती होता. पुढे फेराराची डचेस झाल्यावर तिने दलदलीची जमीन स्वस्तात घेतली, चर खणून पाणी काढलं, हजारो हेक्टर लागवडीखाली आणले, म्हशी पाळल्या आणि जमीन खंडाने दिली. जून १५१९ मध्ये बाळंतपणानंतर दहा दिवसांनी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी ती वारली. चराची खोली आणि खंडाचे आकडे मांडणारी ही बाई अजून कुठल्याही पटकथेची नायिका झालेली नाही, याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं.

या घराण्यांचा गोव्याशी काही संबंध आहे का? (मडगाव)

आहे, आणि तो तुम्ही स्वतः पाहू शकता.

मे १४९३ मध्ये याच अलेक्झांडरने फर्मान काढून अटलांटिकमध्ये अझोर आणि केप व्हर्दे बेटांच्या शंभर लीग (लीग हे अंतराचं जुनं माप) पश्चिमेला रेघ ओढली आणि पलीकडचा मुलूख स्पेनला दिला. पोर्तुगालने घासाघीस करून १४९४ च्या तोर्देसियास तहात ती रेघ ३७० लीगवर नेली. पूर्वेकडची वाट त्यांच्याकडे राहिली. वास्को द गामा कालिकतला १४९८ मध्ये उतरला तेव्हा रोममध्ये अलेक्झांडरच गादीवर होता.

त्याचा पणतू, म्हणजे टायबरमध्ये सापडलेल्या हुआनचा नातू, फ्रान्सिस्को दे बोर्जा. तो ऑक्टोबर १५१० मध्ये जन्मला आणि पुढच्याच महिन्यात आल्बुकर्कने गोवा जिंकलं. सरदारकी सोडून तो जेझुइट या कॅथलिक धर्मसंघात गेला, १५६५ ते १५७२ या काळात त्या संघाचा प्रमुख होता, आणि गोव्यातले जेझुइट त्याच्याच आज्ञेत होते. १६७० मध्ये त्याला संतपद मिळालं.

जुन्या गोव्यातल्या बॉम जीझस बॅसिलिकेत सेंट फ्रान्सिस झेवियरची चांदीची पेटी ज्या चौथऱ्यावर आहे, तो चौथरा मेडिचींचा. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने तो भेट दिला, फ्लोरेन्सचा शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याने दहा वर्षं खपून घडवला आणि १६९८ मध्ये तो गोव्यात बसवला गेला. पुढच्या वेळी गेलात तर नजर वरच्या पेटीवरून जरा खाली आणा. रंगीत दगड एकमेकांत इतके घट्ट बसवले आहेत की सांधा बोटाला लागू नये, आणि चारही बाजूंना झेवियरच्या आयुष्यातले प्रसंग दाखवणारे काशाचे पत्रे आहेत. फ्लोरेन्समध्ये मेडिचींच्या स्वतःच्या थडग्यांवर जे काम दिसतं, तीच ही कारागिरी.